सरकारची हरकत नाही

नोकरीचा पहिला दिवस, आणि गाडी बर्फात रुतावी ती नेमकी कोर्टाच्या फाटकातच! मी चिडून ॲक्सिलरेटर दाबतेय, चाकं जागच्या जागी गरगरताहेत... तेवढ्यात काचेवर टकटक.

"अहो बाई, दाबू नका! आणखी रुतेल."

लाल लोकरी टोपी, भुवयांवर बर्फ. माझ्या उत्तराची वाट न बघता त्यानं स्वतःच्या डिकीतून मांजराच्या शी-शूसाठी वापरतात त्या मातीची पिशवी आणली आणि पकड मिळावी म्हणून माझ्या चाकांखाली ओतली.

"मांजर पाळलंय वाटतं?"

"छे हो! खटारा पाळलाय. घ्या हळूच पुढे... आणि जरा लवकर. आज नव्या जजबाई यायच्यात. सिनेटवाल्यांनी त्यांची नेमणूक वर्षभर लटकवली म्हणे, चिडलेल्याच असणार."

"असतील," मी म्हटलं.

तासाभरानं काळा झगा घालून मी आसनावर बसले. बचावाचा वकील उठला — टोपी डोक्यावरच! "ओवेन किवेला, मॅडम, बचाव पक्षा..." मग त्यानं वर बघितलं. कान टोपीहून लाल झाले. मी हसू कसंबसं गिळलं.

तिथून सुरू झाला माझा छळ. खटला चालू असताना न्यायाधीशानं एकाच बाजूच्या वकिलाशी एकट्यानं बोलायचं नसतं. आणि ओवेनचा कुठला ना कुठला खटला माझ्यापुढे कायम चालूच! केंद्राच्या कोर्टात गरिबांची बाजू मांडणारा फेडरल वकील गावात तो एकटा, फेडरल न्यायाधीश मी एकटी. तो बेकरीत शिरला की मी अर्धी कॉफी टाकून बाहेर. जे काही बोलायचं ते सरकारी वकील हॅरिएट बोल्डकच्या देखत.

"किवेला, तुमची हरकत फेटाळलीय. बसा."

"बसतो, मॅडम. फक्त एकच —"

"बसा म्हटलं ना!"

"बसलो. आज तुम्ही दमलेल्या दिसता..."

"हे रेकॉर्डवर घ्यायचंय का?" हॅरिएट चष्म्यावरून विचारायची.

असे तीन हिवाळे गेले. त्याचा राग यायचा, आणि तो रजेवर गेला की त्याहून जास्त यायचा. सिनेटनं मला सगळं विचारलं होतं. कर, शेअर, कॉलेजातली भाषणंसुद्धा. असं मन गुंतलं तर काय करशील, हे मात्र कुणी विचारलं नाही. बोलावं, तर त्याचे सगळे खटले माझ्याकडून जाणार आणि लोक माझे जुने निकाल उकरणार. न बोलावं, तर नेमणूक तहहयात, म्हणजे 'बसा, किवेला'सुद्धा तहहयात!

मार्चमध्ये त्यानं माझ्या दालनात भेट मागितली. नियमाप्रमाणे हॅरिएटही आली.

"मॅडम, या खटल्यातून तुम्ही बाजूला व्हावं, अशी विनंती आहे. यापुढच्या माझ्या सगळ्याच खटल्यांतून."

माझा चेहरा तापला. "का? मी अन्याय केलाय?"

"कधीच नाही."

"मग कारण सांगा!"

त्यानं हॅरिएटकडे बघितलं. "ह्या... इथं असायलाच हव्यात?"

"नियम आहे," हॅरिएट खुर्चीत आरामात रेलली. "चालू द्या."

"कारण... माझं तुमच्यावर प्रेम आहे, मॅडम. पहिल्या दिवसापासून. तुमच्या मनात तसं काही नसेल तर अर्ज फेटाळा. मी पुन्हा विषय काढणार नाही."

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? खटले दूर मिनियापोलिसच्या कोर्टात जातील! एवढ्या बर्फातून, त्या खटाऱ्यातून जाणार?"

"डिकीत माती आहे."

"आणि तुमचे अशील?"

"सगळ्यांना विचारलंय. म्हणाले, जा बाबा एकदाचा. तिकडचे जज ओरडतातही कमी."

मी ओठ चावला. पण दुसऱ्या बाजूचं ऐकल्याशिवाय निकाल कसा देणार? "सरकारचं काय म्हणणं?"

"सरकारची हरकत नाही," हॅरिएट म्हणाली. "सरकार कंटाळलं होतं वाट बघून."

"अर्ज... मंजूर," मी म्हटलं.

हॅरिएटनं कागद गोळा केले, जाताना दार ओढून घेतलं. त्या पहिल्या सकाळनंतर आम्ही प्रथमच दोघंच होतो. बसा, बसा म्हणून ज्याच्यापायी माझा घसा सुकला, तो माणूस हातात टोपी पिळत उभा होता.

"अरे, बोल ना आता!" मी ओरडले.