टाय की तायी?

नोकरीच्या मुलाखतीला कुणी आईला घेऊन येतं का? शैलश्रीने मान वर करून पुन्हा पाहिलं. येतं! समोरच्या बाकावर मोरपंखी शर्टातला एक उंच तरुण बसला होता आणि त्याच्या शेजारी इरकलीचा पदर सावरत त्याची आई, मांडीवर भाकरीचं गाठोडं घेऊन.

कलबुर्गीच्या त्या नव्या कापड-शोरूममध्ये पंखे होते, पण शैलश्रीच्या अंगावर मैत्रिणीचा काळा कोट होता. ‘‘इंटरव्ह्यू म्हणजे फॉर्मलच,’’ असं प्रेरणाने बजावलं होतं. म्हणून स्वतः शिवलेलं खणाचं जाकीट पिशवीत तोंड लपवून बसलं होतं. जागा डिझायनरची. ही हुकली तर शिलाई मशीन झाकून ठेवायचं आणि मुकाट बी.एड.ला नाव घालायचं, असं मादन हिप्परग्याहून निघतानाच अप्पांनी सांगितलं होतं.

समोर बघून तिला हसू फुटलं. ‘‘कामून हसायलाव हो?’’ त्या तरुणाने विचारलं.

‘‘न्हाई... तुमच्या आई बी इंटरव्ह्यू देणार हाईत?’’

तो कानापर्यंत लाल झाला. ‘‘इथून फोन आला तवा मी अफजलपूरच्या बसमध्ये हुतो. बाई कन्नडमध्ये म्हणाल्या, ‘टाय बेकु’, म्हणजे टाय पाहिजे. त्या गोंधळात मला ऐकू आलं – ‘तायी बेकु’...’’

तायी म्हणजे आई! शैलश्री इतकी हसली की कोटाचं बटणच तुटलं.

‘‘हसू नगं, माय,’’ त्याची आई सिद्धव्वा म्हणाल्या. ‘‘मला बी वाटलं, चांगली कंपनी दिसते. घरदार बघून पोरं घ्यायलेत.’’

एवढ्यात आतून आवाज आला, ‘‘सेल्समनच्या जागेसाठी पुढचे विरुपाक्ष. तयार राहा.’’ विरुपाक्षने मोकळ्या गळ्याला हात लावला. सिद्धव्वांचं तोंड एवढंसं झालं.

शैलश्रीने पिशवी उघडली, जाकिटाचा लांब पट्टा सोडवला, पर्समधून सुई-दोरा काढला. पट्टा दुमडून चार टाके घातले.

‘‘वाका जरा.’’

‘‘आणखी किती?’’

‘‘टाय बांधायलेय, फाशी न्हाई. सरळ बघा.’’

‘‘सरळच बघायलोय...’’

तो तिच्याकडेच बघत होता. गाठ दोनदा सुटली. कापड निसरडं होतं म्हणावं, तर खण काही निसरडा नसतो.

दहा मिनिटांत तो बाहेर आला. ‘‘टाय पास, मी नापास!’’

‘‘कामून?’’

‘‘त्येंनी इचारलं, टाय कुणी केला? मग मी तुमच्याबद्दलच बोलत बसलो.’’ तो गाठ सोडू लागला. ‘‘घ्या तुमचा पट्टा.’’

‘‘मग द्या... नंतर,’’ ती म्हणाली. आपण असं का म्हणालो, ते तिचं तिलाच कळेना.

तिच्या नावाचा पुकारा झाला. दारापाशी तिचा पाय अडला. ज्या कापडाने अनोळखी माणसाची लाज राखली, त्याची आपल्यालाच लाज का वाटावी? तिने कोट काढून सिद्धव्वांच्या हातात दिला, बिनपट्ट्याचं जाकीट चढवलं आणि आत गेली.

नोकरी लागली. अप्पांनी बी.एड.चं नाव काढलं नाही.

विरुपाक्षला पुढे अफजलपूरकडच्या साखर कारखान्यात काम मिळालं. पण दर रविवारी तो बस पकडून शोरूमच्या दारात हजर!

‘‘टाय परत द्यायला आलो.’’

‘‘कुठाय?’’

‘‘अगं... इसरलो की!’’

असे पाच रविवार गेले. कधी ‘अहो’चं ‘अगं’ झालं, दोघांनाही कळलं नाही. सहाव्या रविवारी मात्र त्याने कागदात गुंडाळलेला टाय पुढे केला. ‘‘घे. दर येळी इसरलो म्हणायला आता लाज वाटायलीय.’’

शैलश्रीने कागद हातात घेतला. टाय मिळाला, मग पुढच्या रविवारी हा कशाला येईल? आपल्याला हा दर रविवारी हवाय, नुसता रविवारीच नाही... हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं.

‘‘पुढच्या ऐतवारी आमच्या घरी ये,’’ ती खाली बघत म्हणाली. ‘‘अप्पांला भेटायला.’’

विरुपाक्षने आपल्या शर्टाकडे पाहिलं. ‘‘काय घालून येऊ? फॉर्मल?’’

‘‘तुझा मोरपंखी शर्टच घाल. टाय नगं...’’

‘‘मग?’’

शैलश्रीने मान वर केली. ऐकण्यात पुन्हा चूक नको म्हणून, जीभ दाताला नीट टेकवून, एकेक अक्षर सुटं करत म्हणाली –

‘‘तायी बेकु.’’