एक चहा ओढ

ओढमापकाच्या खुर्चीत बसून जाई उईके साडेतीन तास भिंतीकडे बघत होती. डोक्यावर तारांची टोपी, मनगटाला पट्टा, आणि समोरच्या टेबलावर तिची वाफनळी, म्हणजे ई-सिगारेट. हात पुढे केला की मिळेल इतकी जवळ. पण अजून अर्धा तास हात पुढे करायची परवानगी नव्हती.

"बाबा, घड्याळ बंद पडलंय."

"नाही पडलं," काचेपलीकडून सदाशिव उईके म्हणाले. "तू दर मिनिटाला पाहून राहिली, म्हणून तसं वाटते."

नागपूरच्या राज्य ओढमापन प्रयोगशाळेत उईके एकवीस वर्षं तंत्रज्ञ होते. ओढमापकाचा प्रत्येक स्क्रू त्यांनी स्वतःच्या हाताने बसवला होता. आपली सतरा वर्षांची मुलगी एक दिवस त्याच खुर्चीत बसेल, असं मात्र त्यांना कधी वाटलं नव्हतं. तंत्रनिकेतनात प्रवेश घेतल्यापासून तिसऱ्या महिन्यात जाई झोपेतही उशीखाली नळी चाचपू लागली होती.

त्या दिवशी प्रयोगशाळा पाहायला एक पाहुणे आले होते. निशिकांत परचुरे. वाफनळ्या बनवणाऱ्या 'मृदुगंध उद्योग' या कंपनीचे जनस्वास्थ्य सल्लागार. अतिशय सभ्य गृहस्थ. त्यांनी आत येताना चपला बाहेर काढल्या, तेव्हा प्रयोगशाळाप्रमुख डॉ. रेणुका खडतकर यांना उगीचच संकोच वाटला.

"हे यंत्र नक्की काय मोजतं?" परचुऱ्यांनी विचारलं.

"वस्तू नाही मोजत. ओढ मोजतं," रेणुका म्हणाली. "तुमच्या कंपनीला एक सवय आहे. सरकारने नळीतल्या निकोटीनवर बंदी घातली, तुम्ही रेणूतला एक अणू इकडचा तिकडे केला आणि त्याला मधुरिन असं नाव दिलं. उद्या मधुरिनवर बंदी आली, तर परवा दुसरं काही येईल. आम्ही नावांच्या मागे धावून दमलो. म्हणून आता आम्ही ती वस्तू चार तास माणसासमोर ठेवतो, पण देत नाही, आणि मेंदू तिच्याकडे किती जोराने धावतो ते बघतो. तो आकडा म्हणजे ओढांक. रेणूचं नाव काहीही ठेवा, आकडा बदलत नाही."

"वा! आणि आमच्या नळीचा किती आला?"

"दोनशे माणसांची सरासरी, चौऱ्याऐंशी."

"सुंदर यंत्र आहे," परचुरे मनापासून म्हणाले. एवढा वाईट निकाल एवढ्या आनंदाने ऐकणारा माणूस रेणुकाने आजवर पाहिला नव्हता.

पुढच्याच महिन्यात ओढ-नियंत्रण मंडळाची सुनावणी झाली. अध्यक्ष होते माजी सनदी अधिकारी वामनराव देवतळे. पन्नासपेक्षा जास्त ओढांकाच्या वस्तूवर बंदी घालावी, असं रेणुकाने सुचवलं. परचुरे उठले. ते विरोध करणार म्हणून रेणुकाने चाळीस पानांचं उत्तर तयार ठेवलं होतं.

"पन्नास?" परचुरे कळवळून म्हणाले. "अध्यक्षमहाराज, आपल्या मुलांच्या बाबतीत आपण पन्नासपर्यंत सूट द्यायची? आमची कंपनी म्हणते, मर्यादा दहा हवी. आमचं नुकसान होईल. होऊ दे."

सभागृहात टाळ्या वाजल्या. एका सदस्याने डोळे पुसले. कंपनीच म्हणते दहा, तर पन्नास म्हणणारी रेणुका एकदम मवाळ, काहीशी संशयास्पदच दिसू लागली. मर्यादा दहा ठरली आणि कायदा झाला.

कायदा लागू झाल्यावर चहाचा ओढांक बारा आहे, हे लोकांच्या लक्षात आलं.

पहिल्या दिवशी नागपुरातल्या सगळ्या टपऱ्यांना सील लागलं. दुसऱ्या दिवशी सील लावणारे निरीक्षक डोकं दुखतं म्हणून रजेवर गेले. हिवाळी अधिवेशन चालू होतं. विधानभवनात चहा मिळेना, तेव्हा सत्ताधारी आणि विरोधक यांनी त्या अधिवेशनातली एकमेव एकत्र घोषणा दिली. तिसऱ्या दिवशी दुपारी कायदा मागे घेतला गेला, आणि त्याच्याबरोबर वाफनळीवरची बंदीही गेली.

"त्याला हेच पाहिजे होतं," रेणुका उईक्यांना म्हणाली. ती संतापाने लाल झाली होती. "कायदा इतका कडक करायचा, की तो स्वतःच्याच वजनाने पडेल."

"माणूस हुशार आहे जी," उईके म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक नव्हतं. आदल्या दिवशी जाईने आईची पर्स उचकून नळी विकत आणली होती.

तो आठवडाभर रेणुका धड जेवली नाही. मग एका सकाळी टपरीवर उभी असताना तिला युक्ती सुचली. चहाला हात लावला की लोक चिडतात. मग चहालाच माप करायचं! ज्याची ओढ चहापेक्षा जास्त, ते बंद. चहा स्वतः बरोबर मर्यादेवर, ना कमी ना जास्त. कुठल्याही माणसाला कुठलाही आकडा समजावून सांगायला नको.

मंडळापुढे तिने हे मांडलं, तेव्हा देवतळ्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे एकक आपलं देशी असणार?"

"हो सर. एक चहा ओढ. वाफनळी येते सात चहा. सिगारेट पाच."

परचुरे बराच वेळ वहीत काहीतरी लिहीत होते. शेवटी उठून म्हणाले, "कंपनीला संपूर्ण मान्य आहे. एकच लहानशी सूचना. प्रयोगशाळेतला खास चहा हे माप नको. लोकांचा चहा घ्या. मसुद्यात 'बाजारात सर्रास मिळणारा चहा' असे शब्द घाला. दर जानेवारीत बाजारातून नमुने आणायचे, आणि ओढमापकाचा काटा त्यांच्यावर 'एक'ला लावायचा. कायदा लोकाभिमुख होईल."

रेणुकाने त्या वाक्यात खोट शोधली. सापडली नाही. उलट शास्त्रीयदृष्ट्या ते योग्यच वाटलं. कायदा झाला, वाफनळीवर बंदी आली, आणि प्रयोगशाळेत पेढे वाटले गेले. परचुऱ्यांनीही एक घेतला.

पुढे दीड वर्ष सगळं शांत होतं. वाफनळ्या चोरून मिळत होत्या, पण कमी. मृदुगंध उद्योगाने चहापत्तीचे तीन मोठे कारखाने विकत घेतल्याची बातमी आली. धंदा बुडाल्यावर माणसं काहीतरी दुसरं करणारच, असं सगळ्यांना वाटलं. कंपनीने सरकारी कार्यालयांना चहापत्ती मोफत द्यायला सुरुवात केली, तेव्हा तर वर्तमानपत्रांनी तिच्या सुधारणेवर अग्रलेख लिहिले.

मग एका दुपारी उईके जवळजवळ पळतच रेणुकाच्या खोलीत आले.

"मॅडम, पोरगी सुटली जी! पंधरा दिवस झाले, नळीला हात नाही लावला. औषध नाही, डॉक्टर नाही. आपल्या मनाने सोडली!"

रेणुकाच्या डोळ्यांत पाणी आलं. "काही त्रास? चिडचिड, झोप न येणं?"

"काहीच नाही. नुसता चहा लागते तिला."

"किती?"

"असेल चौदा कप."

"चौदा?"

"मोठे," उईके म्हणाले. आणि म्हणता म्हणता त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू विरत गेलं. इतकी वर्षं लोकांची व्यसनं मोजणाऱ्या माणसाला ते वाक्य स्वतःच्याच तोंडून ऐकू आलं होतं.

दोघांनी ताबडतोब बाजारातून पत्तीचे पुडे आणले, टपरीवाल्यांपासून प्राध्यापकांपर्यंत तीस माणसं गोळा केली आणि एकेकाला खुर्चीत बसवलं. बरेच जण चार तास पुरे करू शकले नाहीत. एका प्राध्यापकाने तारांच्या टोपीसकट पळायचा प्रयत्न केला. जे टिकले, त्यांचा निकाल पडद्यावर आला: एक.

"एकच?" रेणुका चक्रावली.

"एकच येणार ना," उईके हळूच म्हणाले. "जानेवारीत काटा ह्याच चहावर लावला आपण. चहा कितीही वाढला, तरी काटा त्याच्यासोबत सरकते. थांबा, जुनी मोजपट्टी लावतो."

त्यांनी मागची झाकणी उघडून दोन तारा बदलल्या. आकडा झाला शहाऐंशी. पत्तीच्या रासायनिक तपासणीत जे सापडलं, त्याचं नाव दोघांनाही तपासणीआधीच माहीत होतं. मधुरिन.

"आता त्यांची नळी एक चहाच्या आत आली," रेणुका खाली बसत म्हणाली. "कायद्याने चालेल. त्यांना मर्यादेच्या खाली उतरायचं नव्हतं, उईके. त्यांनी मर्यादाच वर नेली."

तातडीची सुनावणी सकाळी अकराला सुरू झाली. सगळे सदस्य कप रिकामे करूनच आत आले होते. देवतळ्यांनी रेणुकाचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं.

"डॉक्टर, कायद्याच्या मापाने चहाची ओढ आज किती?"

"एक, सर. पण..."

"कायदा झाला तेव्हा किती होती?"

"एक."

"मग वाढलं काय?"

"माप वाढलं, सर!"

"मापाची वाढ मोजण्याचं माप कायद्यात आहे का?" देवतळ्यांनी सहानुभूतीने विचारलं.

रेणुका परचुऱ्यांकडे वळली. "तुम्ही हे सगळं नळीला परवाना मिळवण्यासाठी केलंत. करा अर्ज. मी न्यायालयात जाईन."

"नळी?" परचुऱ्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं. "मॅडम, नळीचा कारखाना आम्ही गेल्या महिन्यात बंद केला. नळी म्हटली की मोजमाप आलं, इशारे आले, वयाची अट आली. तुमच्या कायद्यात एकच वस्तू अशी आहे, जी काही झालं तरी मर्यादा ओलांडू शकत नाही. ती सोडून आम्ही दुसरं काही कशाला विकू?"

ते वाक्य अक्षरशः खरं होतं, आणि कायद्यात ते रेणुकानेच लिहिलं होतं. मागच्या बाकावर उईके बसले होते. त्यांच्या शेजारी जाई थर्मासचं झाकण फिरवत होती, उघडत होती, लावत होती.

त्या मुलीकडे बघत रेणुका म्हणाली, "सर, एक विनंती आहे. ओढ वाढली नाही असं मंडळ म्हणतं. ठीक. मग मंडळाने चार तास चहाशिवाय इथे बसावं. चहा पूर्वीसारखाच असेल, तर काहीच होणार नाही. झालं, तर आदेश काढा: चहात मधुरिन नको, आणि माप जुन्या चहाचं."

देवतळे हसले. "चार तास? आम्ही सनदी सेवेत आठ-आठ तासांच्या बैठका केल्यात. मान्य!"

परचुरे पहिल्यांदाच अस्वस्थ दिसले. "अध्यक्षमहाराज, याची गरज नाही..."

"बसा हो," देवतळे म्हणाले.

पहिला तास मजेत गेला. दुसऱ्या तासात एका सदस्याने खिडकी उघडण्यावरून आणि दुसऱ्याने ती लावण्यावरून भांडण काढलं. अडीच तासांनी मंडळातल्या एका माजी कुलगुरूंनी उपाहारगृहाच्या वासाची दिशा ओळखली आणि खुर्ची तिकडे फिरवली. तीन तासांनी देवतळे म्हणाले, "मी अगदी ठीक आहे," पण त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. त्यांच्या हातातल्या पेनचं टोपण चावून सपाट झालं होतं. साडेतीन तासांनी ते उभे राहिले आणि जाईच्या थर्मासकडे एकटक बघत अतिशय मृदू आवाजात म्हणाले, "बाळ, त्यात काय आहे गं?"

जाईने थर्मास छातीशी धरला. तिने एकदा वडिलांकडे पाहिलं, मग अध्यक्षांकडे. "आजोबा," ती म्हणाली, "आधी सही करा."

सात मिनिटांत आदेश लिहून झाला. एवढ्या वेगाने त्या मंडळाने कधी काही केलं नव्हतं. चहात मधुरिन घालण्यास बंदी. माप जुन्या चहाचं. सगळ्या सदस्यांच्या सह्या झाल्या. परचुरे हरकत घ्यायला उठले, तर कुलगुरूंनी त्यांना खांदा धरून खाली बसवलं. रेणुकाने उईक्यांचा हात घट्ट धरला. उईके चक्क रडत होते.

थर्मास उघडला गेला. देवतळ्यांनी पहिला घोट घेतला, डोळे मिटले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रक्त परत आलं. मग त्यांनी आदेश पुन्हा ओढून घेतला. अंमलबजावणीच्या तारखेची जागा कोरी होती.

"आजपासून, सर," रेणुका म्हणाली.

देवतळ्यांनी कपाकडे पाहिलं. कप अजून अर्धा भरलेला होता. त्यांनी इतर सदस्यांकडे पाहिलं, आणि सगळ्यांनी नजरा खाली वळवल्या.

"तसं आजपासूनच करायचं," ते प्रामाणिकपणे म्हणाले, "पण आज काय, असाही दिवस गेलाच." आणि सुवाच्य अक्षरात त्यांनी लिहिलं: 'येत्या सोमवारपासून.'