काका, हात काढा

हसायचं तर नंतर हसा. त्या दुपारी मलाही आधी भीती नव्हती, नुसता वैताग होता.

सांगलीहून म्हैसूरला आलो तेव्हा मी देवराज मोहल्ल्यात वेंकोबाकाकांच्या माडीवर भाड्याने राहायचो. पुढे विजयनगरला राहायला गेलो, पण काकांच्या कॉम्प्युटरची सेवा काही सुटली नाही. घरी बसून त्यांचा स्क्रीन माझ्या लॅपटॉपवर घ्यायचा आणि दुरुस्ती करायची. पण हा माणूस माउस सोडेल तर शपथ! मी बाण डावीकडे नेला की ते उजवीकडे ओढणार. शिवाय क्लिक करण्याआधी तीन गोल फिरवणार, आरती ओवाळल्यासारखे. "काका, हात काढा!" म्हणून ओरडून माझा घसा बसायचा.

काका गेले. सहा महिन्यांनी काकूंचा फोन आला. कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजत होता आणि काकांच्या आवाजाचं एकुलतं एक रेकॉर्डिंग त्यात अडकलं होतं.

"तेवढं काढून दे रे, यशोधन. त्यांचा आवाज विसरायला लागलेय मी."

काकूंनी कॉम्प्युटर सुरू केला, स्क्रीनवर आपोआप येणारा जोडणीचा नंबर वाचून दाखवला, मी आत शिरलो. फोन स्पीकरवर होता. पलीकडे त्यांच्या जुन्या पंख्याची करकर चालली होती. फाईल सापडली. दोन मिनिटं दहा सेकंद. मी ती ओढायला गेलो, तर बाण उलटा सरकला.

"काकू, माउसला हात लावू नका."

"मी कुठे लावतेय? स्वयंपाकघरात आहे कणो!" काकूंचं कानडी 'रे' असं मधेच डोकवायचं.

पुन्हा ओढली. पुन्हा मागे. मधेच स्क्रीन काळा झाला, परत आला. आता हे डबडं बंद पडलं की आवाज कायमचा गेला! माझं डोकंच फिरलं.

"काकू, हात जोडतो, माउस सोडा हो!"

"अय्यो, कसला माउस?" काकू आता जवळून बोलत होत्या. "तेराव्याला त्यांच्या वापरातल्या वस्तू दान दिल्या ना... छत्री, चपला, चष्मा. त्यातच तोही दिला."

"माउस कोणी दान देतं का?"

"रोज हातात असायचा त्यांच्या. मग?"

स्क्रीनवर बाण हळूच हलला... एक गोल. दुसरा... तिसरा.

मी लॅपटॉपवरून दोन्ही हात उचलले. तरी तोंडातून सवयीने तेच निघालं, तेही चिडून. "काका... हात काढा ना!"

बाण थांबला. कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. फाईल माझ्याकडे आली, आणि पाचच मिनिटांत त्यांचा कॉम्प्युटर कायमचा बंद पडला.

मी ती काकूंच्या मोबाइलवर पाठवली आणि फोनवरच लावून दाखवली. काका नळाला पाणी नाही म्हणून तणतणत होते. काकू रडता रडता हसत होत्या. दोन मिनिटं दहा सेकंद झाली... पण रेकॉर्डिंग थांबलं नाही.

"काढला बाबा हात. कर आता."

काकू ते रोज ऐकतात. परवा फोनवर भलत्याच खुशीत होत्या. "आज अजून बोलले रे! तुझं नाव घेतलं."

माझ्याकडची फाईल आता दोन मिनिटं बत्तीस सेकंदांची झाली आहे. मी ती अजून उघडलेली नाही.