सगळ्यांना आवडलेला चेहरा

मी अमरावतीत एका डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर तपासते. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून लोकांकडून तक्त्यावरची अक्षरं वाचून घ्यायची, काचा बदलायच्या, 'हे स्पष्ट की ते?' विचारायचं. सुटीच्या दिवशी मात्र कॅमेरा घेऊन उजेडात जाते. काढलेले फोटो एका वेबसाइटवर टाकते. तिथं जगभरातले लोक एकमेकांच्या फोटोंना दहापैकी गुण देतात.

फुरकानची ओळख तिथंच झाली. अकोल्याला टिळक रोडवर त्याचा फोटो स्टुडिओ आहे. आमचा वाद ठरलेला असायचा: लोक गुण नक्की कशाला देतात? तो म्हणायचा, उजेडाला. मी म्हणायचे, विषयाला. मी ते बरेच दिवस पाहत आले होते. फूल कितीही सुरेख टिपा, त्याला मध्यम गुण. सूर्यास्ताला थोडे जास्त, मांजराच्या पिल्लाला आणखी थोडे. पुलांना, देवळांना कोणी विचारत नाही. आणि सगळ्यांच्या वर, कायम, म्हातारा चेहरा. सुरकुत्या, एका बाजूनं येणारा उजेड आणि थेट बघणाऱ्याकडे लागलेले डोळे.

"प्रत्येकाला वाटतं, हा माणूस फक्त माझ्याकडेच बघतोय," मी म्हणायचे. "म्हणून."

"असंल बी," फुरकान हसायचा. त्याचा स्वतःचा सगळ्यांत गाजलेला फोटोही तसलाच होता. त्याच्या वडिलांचा, शफीचाचांचा. शिलाई मशीनवर वाकलेले, मान तेवढी वर केलेली. मी चाचांना कधी भेटले नव्हते, पण तो चेहरा मला पाठ होता.

त्या डिसेंबरात मी शेंदूरजनाघाटला मामांकडे गेले. शेषरावमामा संत्र्यांच्या बाजारात हर्रास पुकारायचे. ढिगाशी उभं राहून बोली चढवत न्यायची, हे त्यांचं काम. आवाज असा, की बाहेर टपरीवर चहा पिणाऱ्याला बसल्या जागी भाव कळावा. घरी आंघोळीला पाणी मागितलं तरी शेजारच्या बाया हसायच्या. गावात मामांना न ओळखणारं माणूस नव्हतं.

सकाळी बाजारात टिनाच्या शेडच्या फटीतून ऊन येत होतं. ते मामांच्या एका गालावर आणि पांढऱ्या मिशीवर पडलं होतं. मागं संत्र्यांचा ढीग, धुळीत पुसट झालेला.

"मामा, इकडे पहा."

"पाहूनच त राह्यलो बाई. आता काय डोये बाहेर काढून ठेवू?"

ते हसले आणि त्या हसण्याच्या मागोमाग मी बटण दाबलं.

फोटो टाकला आणि तो चढतच गेला. महिन्याभरात साइटवर तो सगळ्यांच्या वर होता. ज्या देशांची नावं मी फक्त नकाशात पाहिली होती, तिथले लोक लिहीत होते. कोणी म्हणे, मला माझे वडील आठवले. कोणी म्हणे, या माणसाला मी ओळखते असं वाटतं. मी मामांना फोनवर वाचून दाखवलं.

"म्हंजे फारेनात बी माह्या नावाची बोली लागली म्हना!" ते म्हणाले, आणि फोन कानापासून दूर धरावा लागला.

मामेभाऊ गोपालनं त्या फोटोची मोठी प्रत करून आणली आणि समोरच्या खोलीत लावली.

पुन्हा गेले ती होळीच्या सुमाराला. शकुनमामीनं जेवायला वाढलं. मला, गोपालला, स्वतःला. मामा आले, त्यांनी मांडणीवरून आपलं ताट काढलं, स्वतःच वाढून घेतलं. मामी आणि गोपाल जेवत राहिले. मला वाटलं, नवराबायकोचं काहीतरी बिनसलं असेल.

"बाजारात नाही गेलात?" मी विचारलं.

"दुसरा पोट्टा पुकारते आता," मामा म्हणाले. "मी पुकारलो त कोनी बोलीच धरे ना. सारे आपसात बोलून राह्यले. जसं काही मी आलोच नाही."

ते हसले, पण भाकरीचा तुकडा त्यांच्या हातातच राहिला.

दुपारी मामी अंगणात तूर पाखडत बसली होती. मामा तिच्यापासून हातभर अंतरावर बाजेवर टेकले होते.

"शकुन, पानी आन वं."

मामीचं सूप चालूच होतं.

"शकुन!" या खेपेला त्यांनी बाजारातला आवाज लावला. कौलावरचा कावळा उडाला. पलीकडच्या अंगणात कोणाची तरी बकरी ओरडली. मामीनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुहे मामा कुठी गेले वं पौर्णिमा? जेवले बी नाहीत वाट्टे."

मामा माझ्याकडे पाहत होते. त्यांनी फक्त खांदे उडवले. मी उठून पाणी आणून दिलं.

मला राग आला होता. म्हाताऱ्या नवऱ्याला असं वागवायचं? पण मामीच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रुसवाही नव्हता. ती खरोखरच विचारत होती. मग मला माझा धंदा आठवला. काचबिंदूत बाजूचं दिसेनासं होतं आणि माणसाला ते कळतही नाही. कानही गेले असतील. पुढच्या आठवड्यात मी तिला दवाखान्यात बोलावून घेतलं.

मामाही आले. मागून आले, मामीपासून दोन पावलं मागं. आमच्या काउंटरवरच्या अपेक्षानं त्यांना बाकावर बसवून चहा दिला. तिला ते व्यवस्थित दिसत होते.

मामीच्या डोळ्यांत काही नव्हतं. नजरेचा घेर तपासायचं एक यंत्र असतं, त्यात गोल भांड्याच्या आत कुठंही बारीक उजेड चमकतो आणि दिसला की बटण दाबायचं. मामीनं एकही उजेड सोडला नाही. मी तिच्या पाठीमागं उभी राहून कुजबुजले, तेही तिनं ऐकलं.

"मामी, बाहेर बाकावर कोण बसलंय?" मी दार उघडून विचारलं.

तिनं पाहिलं. "कोनी नाही. कोनाचा तरी कप ठेवेल आहे."

मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेले. गावाकडं जाणाऱ्या वरुडच्या गाडीत मामी खिडकीपाशी बसली आणि शेजारच्या सीटवर तिनं पिशवी ठेवली. मामा दांडा धरून उभे राहिले. गाडी निघाली तेव्हा त्यांनी मला हात केला.

त्या रात्री मला फुरकाननं काढलेला शफीचाचांचा फोटो आठवला. का, ते सांगता येत नाही. रविवारी मी अकोल्याला गेले.

स्टुडिओत गर्दी नव्हती. काउंटरच्या मागं भिंतीवर शफीचाचांचा तो फोटो, मोठा, काचेत. फुरकान फडक्यानं त्याची काच पुसत होता.

"अब्बा कसे आहेत?" मी विचारलं.

"मजेत. तेल्हाऱ्याले असतात आता, त्यायच्या बहिणीकडं, माह्या फुफीकडं." मग किंचित थांबून, "परवाच फुफीचा फोन होता. विचारून राह्यली होती, अब्बा अकोल्यातच हायेत ना म्हणून. म्हातारी झाली, विसरते."

तो चहा सांगायला मागच्या दारानं गेला. मी वळले. भिंतीलगतच्या बाकावर एक म्हातारा माणूस बसला होता. आत आले तेव्हा मी त्याला गिऱ्हाईक समजले होते. पांढरी टोपी, मांडीवर दोन्ही हात. मशीनवर वाकून वाकून पाठीला आलेला पोक.

"चाचा?" मी विचारलं.

त्यांनी मान वर केली. फोटोतल्यासारखीच.

"बेटी, मी दिसून राह्यलो तुले?"

"हो."

"परक्याले दिसतो," ते म्हणाले. "गिऱ्हाईक सलाम करतात. पोराले नाही दिसत."

"कोणी सांगत नाही त्याला?"

"सांगतात ना." त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "पह्यले आवाज जाते, बेटी. मंग ताट जाते. मंग त्यायले वाटते, आपन दुसरीकडं कुठीतरी हाओत. मजेत हाओत."

फुरकान परत आला. मी त्याचा हात धरून त्याला बाकाकडे वळवलं. "इथं बघ. अब्बा बसलेत. तुझ्यासमोर."

त्यानं पाहिलं. नजर कशी फिरते हे मी रोज पाहते. ती वाटेत काही आलं की तिथं क्षणभर ठरते, इच्छा असो वा नसो. फुरकानची नजर बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मध्ये कुठंच ठरली नाही.

"तिथं गिऱ्हाईक बसतात," तो म्हणाला. "चहा घे ना, थंडा होईल."

शफीचाचा त्याच्याकडे पाहत होते. इतक्या जवळून आणि इतकं टक लावून, की मला तिथं थांबवेना.

परतीच्या गाडीतच मी मामांचा फोटो साइटवरून काढून टाकला. साइट म्हणाली, फोटो हटवला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या ग्रुपवर कोणीतरी सुप्रभाताचा संदेश पाठवला. उगवता सूर्य, आईवडिलांवरचा सुविचार आणि खाली शेषरावमामा, गालावर ऊन घेऊन. त्याखाली ओळीनं जोडलेले हात. मी ज्याला त्याला विचारत सुटले, हा तुम्हाला कुठून आला? सगळ्यांना कुठून तरी आला होता.

मी रोज मामांना फोन करायचं ठरवलं. सुरुवातीला केलाही. ते बोलायचे, पण मला वाटायचं लाइन खराब आहे. एकेक शब्द दुरून, दोन भिंतींपलीकडून आल्यासारखा. मग एक दिवस राहिला. मग कामं निघाली. उन्हाळा तापला.

आणि एका संध्याकाळी गोपालचा फोन आला. "ताई, बाबा तुह्याकडंच हायेत ना?"

"नाही रे."

"नाही?" त्याच्या आवाजात काळजी नव्हती. "मंग असतीन कुठी तरी. मजेत असतीन."

तेव्हा मला जाणवलं की मामांना फोन करून किती दिवस झाले, हे मला सांगता येत नाही. वाईट हे, की क्षणभर मलाही वाटून गेलं होतं: हो, असतील कुठंतरी.

मी सकाळच्या पहिल्या गाडीनं शेंदूरजनाघाट गाठलं. समोरच्या खोलीत मामांच्या फोटोला झेंडूचा ताजा हार घातला होता.

"मामी! हे काय?"

"फोटोले हार पाह्यजेच ना," ती म्हणाली. "बोडका दिसून राह्यला होता. पाह्य, कसे हासून राह्यले." तिनं पदराच्या टोकानं काचेवरची धूळ पुसली. नवऱ्याच्या गालावरून हात फिरवावा तशी.

मी अंगणात गेले. तारेवर मामांचा पंचा वाळत होता, त्यातून अजून पाणी ठिबकत होतं. दाराशी त्यांच्या वहाणा. बाजेखाली संत्र्याची ओली सालं, नुकतीच सोललेली. वास अंगणभर पसरला होता. बाज मधोमध खाली गेली होती.

"मामा?"

बाजेचा सुंभ करकरला.

मी बाजेसमोर उकिडवी बसले. माझ्या डोळ्यांना नंबर नाही. मी बाजेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहत गेले. सावकाश, पुन्हा पुन्हा. नजर कुठंच ठरली नाही.

"मामा, मी आहे. पौर्णिमा. काहीतरी बोला."

झुळूक आल्यासारखी माझ्या डोक्यावरची बट हलली. अंगणात वारा नव्हता. मी दुपारपर्यंत तिथंच बसले. मामीनं दोनदा येऊन विचारलं, एकटीच कोनासंग बोलते वं? मग बाज हलकेच वर आली, वहाणा दाराशी नव्हत्या, आणि त्या कधी गेल्या ते मी पाहिलं नव्हतं.

अमरावतीला परत आले. काम सुरू होतं. काल सकाळी दवाखान्यात बरीच गर्दी होती. मी आतल्या खोलीत एका बाईंची चिठ्ठी लिहून संपवली आणि त्या गेल्या. अपेक्षानं दारातून डोकं आत घातलं.

"मॅडम, तुम्ही चिठ्ठी लिहीत होतात तेव्हाच पुढच्या पेशंटला मशीनसमोर बसवलंय हं. तुमचे मामा आहेत ना ते? केव्हाचे बाहेर बसले होते. तुम्ही दोनदा त्यांच्यासमोरून गेलात, मला वाटलं ओळखलं नाही."

ती दार लावून घेऊन गेली.

नंबर काढायच्या यंत्रासमोर पेशंटची खुर्ची असते. त्यानं हनुवटी यंत्राच्या टेकूवरच्या कागदावर टेकवली की माझ्या बाजूच्या लहान पडद्यावर त्याचा डोळा मोठा होऊन दिसतो. समोर कोणी नसलं की पडदा नुसता राखाडी.

खुर्ची रिकामी होती.

पडद्यावर डोळा होता.

कडेला सुरकुत्यांचं जाळं, पांढऱ्या भुवईचा एक केस खाली आलेला. डोळा थेट माझ्याकडे पाहत होता. मी खुर्चीकडे पाहिलं. मग पडद्याकडे. मग पुन्हा खुर्चीकडे.

"मामा," मी म्हणाले.

पापणी एकदा लवली. मग डोळा खालच्या कडेनं हळूहळू भरत गेला, आणि हनुवटीच्या कागदावर एक ओला डाग उमटून पसरू लागला.