घाट ट्रायल ओके

ही घटना खरी आहे. बनवून सांगायची असती, तर मी त्यात स्वतःला एवढं नालायक दाखवलं नसतं.

माझं शिराळ्यात गॅरेज आहे. मागच्या वर्षीचा मे महिना. माझा दोस्त लालासाहेब फौजेत, पोस्टिंग लडाखला. या वेळी स्वतःची गाडी घेऊन जायची त्याला भारी हौस. इंजिनला जास्त हवा मिळावी म्हणून मी बाहेरचा इनटेक बसवला. जाड पाईप, पुढे उघडा फिल्टर.

"वर हवा लय विरळ असतीया, शिवतेज. गाडीचा दम कोंडंल का रं?"

"मेढ्याचा घाट चढवून महाबळेश्वरात सेटिंग करतो गड्या. जा बिनधास्त."

मी गेलोच नाही.

उन्हाचा कंटाळा आला. गावातच दोन चकरा मारल्या आणि पाईपावर मार्करनं लिहिलं, 'घाट ट्रायल ओके'.

जूनमध्ये एका उंच खिंडीत गाडी बंद पडली. मदत पोहोचेपर्यंत लालासाहेब गेला होता. थंडी होती, आणि श्वास पुरला नाही म्हणाले.

गाडी ट्रकवरून परत आली. दिवाळीनंतर त्याची बायको, दीपमाला वहिनी, ती गाडी ट्रॅक्टरनं ओढून घेऊन माझ्याकडे आल्या.

"इकायची हाय. जरा बघा, भावजी."

भर दुपारचा एक वाजला होता. बॅटरी मी स्वतः काढून बाजूला ठेवली होती. बॉनेट उघडलं...

कुणीतरी श्वास आत ओढत होतं.

हळू... खोल... त्या पाईपातून.

मी फिल्टरवर तळहात ठेवला. हात आत खेचला गेला. पत्र्याखालच्या त्या उकाड्यात माझी बोटं गारठून बधिर झाली.

मागून वहिनी म्हणाल्या, "खरं सांगा भावजी. गाडीत काय खोट न्हवती न्हवं?"

आवाज थांबला.

श्वास सोडला नाही... रोखून धरला. उत्तर ऐकायला थांबावं तसा.

समोर पाईपावर माझंच अक्षर होतं.

"न्हाई वहिनी. गाडी चोख होती," मी म्हणालो. "त्यानंच नको तेवढी दामटली असंल."

त्यांनी पदर तोंडाला लावला. "मी म्हणत हुते त्यास्नी, जपून चालवा."

मेलेल्या दोस्तावर मी ढकललं. त्याची मला लाज वाटते. इथे अनोळखी लोकांना सांगतोय, पण चार गल्ल्या ओलांडून वहिनींच्या दारात जायची हिंमत होत नाही.

गाडी विकली गेली. इनटेक मी काढून मागच्या फळीवर ठेवलाय. रोज गॅरेज उघडलं की आधी तिथे कान लावतो.

तो श्वास अजून सुटलेला नाही...