एकोणिसाव्या पायरीचा शेवट

“आत्ता सगळ्यांनी श्वास का रोखला हो?”

अंधारात डावीकडून आलेला हा प्रश्न आपल्यालाच आहे, हे इलिंकाला क्षणभर कळलंच नाही. पडद्यावर डॉक्टर नवरा गुडघ्यांवर बसून जिन्याची सगळ्यात खालची पायरी अलगद उचकटत होता, आणि डॅन्यूब नदीकाठच्या ब्रइला गावातल्या त्या जुन्या थिएटरातली चाळीस-पन्नास माणसं जागच्या जागी गोठली होती.

“बघा की समोर,” ती कुजबुजली.

“बघितलं असतं... पण जमत नाही.”

तिनं मान वळवली. चाळिशीच्या आतबाहेरचा एक माणूस बसला होता. गुडघ्यांमध्ये पांढरी काठी, अंगात जाड लोकरी कोट. चेहरा पडद्याकडे नव्हता. जरा खाली झुकलेला, लोकांकडे कान लावून बसल्यासारखा. इलिंकाला अगदी कानकोंडं झालं.

“पायरी काढतोय तो,” ती घाईनं म्हणाली. “लाकडाची आहे. जिन्याखाली लपवतोय. म्हणजे सकाळी बायको मोजेल तेव्हा अठराच भरतील.”

“आणि तो म्हणेल, अठराच तर होत्या, राणी. तूच विसरतेस हल्ली.”

पडद्यावरचा नवरा नेमकं तेच म्हणाला. इलिंकानं पुन्हा त्याच्याकडे पाहिलं.

“तुम्ही आधी आला होता?”

“पुस्तक ऐकलंय. चार वेळा.”

‘एकोणिसावी पायरी’ ही कादंबरी गावात बहुतेकांनी वाचलेली होती. घरातल्या वस्तू हलवून, घड्याळं मागेपुढे करून बायकोला वेड लागलंय असं तिलाच पटवणाऱ्या डॉक्टरची ती गोष्ट. आता तिच्यावर सिनेमा आला होता, आणि दुपारी दोनच्या खेळाला निवृत्त मंडळी आपापली मतं घेऊन हजर होती. तिसऱ्या रांगेतल्या ओर्तांसा मावशी, जन्मभर शाळेत भाषा शिकवलेल्या, वळून म्हणाल्या, “कुजबुज घरी जाऊन करा.”

“मावशी रागावल्या,” तो म्हणाला.

“तुमच्यामुळे.”

“मग जरा जवळून सांगा. माझं नाव सेवेर.”

ती जवळ सरकली. त्याच्या कोटाला निलगिरीचा आणि कसल्याशा खारट चिखलाचा वास होता. पुढचा तासभर ती त्याच्या कानाशी बोलत राहिली. अदेलाचा चेहरा, नवऱ्याचं हसू, खिडकीवरचं दव... प्रेक्षागृहातून हुंकार आला की तो विचारायचा, “कशाला?” आणि ती सांगायची.

शेवट जवळ आला तसा तो ताठ बसला. पुस्तकात अदेला एका पहाटे घर सोडते, स्टेशनवर जाते आणि समुद्राकडे जाणाऱ्या गाडीत बसते. सिनेमावाल्यांनी ते बदललं होतं. पडद्यावर अदेला डॅन्यूबच्या काठावर उभी होती. नदी गोठलेली. आवाज कसलाच नाही, नुसतं व्हायोलिन. तिनं बर्फावर पाऊल ठेवलं.

“आता गाडी ना?” सेवेरनं विचारलं.

त्याचा आवाज एकदम इतका हळू झाला होता, की इलिंकानं त्याच्याकडे पाहिलं. त्याची बोटं काठीवर पांढरी पडली होती.

“हो,” ती म्हणाली. “गाडीत बसतेय.”

असं आपण का बोलून गेलो, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. अदेला चालत राहिली, लहान होत गेली... मग पडदा पांढरा झाला. कुणीतरी नाक ओढलं. दिवे लागायच्या आत इलिंका त्याला बाजूच्या दारानं बाहेर घेऊन आली.

बाहेर नदीवरून चढलेलं धुकं पार रस्त्यापर्यंत आलं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानात दोघांनी लिंबू घातलेला चहा घेतला, खसखस लावलेली पावाची गरम कडी मोडून खाल्ली.

“काय काम करता?” त्यानं विचारलं.

“बंदर कचेरीत असते. नदीचं पाणी मोजतो आम्ही. रोजचा आकडा रेडिओला कळवायचा.”

त्याचा पेला ओठांशीच थांबला. “दुपारचा? ‘ब्रइला, दोनशे बारा सेंटिमीटर, चारने उतार’... तो?”

“तोच. ऐकता की काय? म्हातारे कोळी सोडले तर कुणी ऐकत नाही.”

“तीन वर्षं ऐकतोय. रोज.” त्यानं पेला खाली ठेवला. “माझी बायको, दोइना... मार्च महिना होता. बर्फ फुटायच्या आधीचे दिवस. सकाळी माझा चहा करून ठेवला, आणि नदीवर निघून गेली. एप्रिलात सापडली.”

इलिंकानं हातातला पावाचा तुकडा बशीत परत ठेवला.

“त्यानंतर वाचनालयातल्या बाईंनी ही कादंबरी ध्वनिफितीवर दिली. तेव्हापासून शेवटचं पान इतक्यांदा ऐकलंय... मी वेडा नाही हं, कोण गेलं ते कळतं मला. पण निदान एक बाई तरी गाडीत बसली.” तो ओशाळं हसला. “पुढच्या गुरुवारी याल? पैसे देईन, सांगायचे.”

“पैसे नकोत,” इलिंका म्हणाली.

घरी जाताना तिनं ठरवलं, पुढच्या वेळी खरं सांगायचं.

पुढच्या गुरुवारी तिनं सांगितलं की डब्यातली आसनं लाल आहेत.

त्याच्या पुढच्या गुरुवारी अदेलासमोर टरबूज घेऊन बसलेली एक म्हातारी आली.

“हिवाळ्यात टरबूज?” सेवेर म्हणाला.

“...भोपळा असेल. अंधार आहे डब्यात.”

तो हसला, आणि हसता हसता त्याचा खांदा तिच्या खांद्याला टेकला तो टेकलेलाच राहिला. इलिंकाचं काळीज एकीकडे फुलत होतं आणि दुसरीकडे खचत होतं. तो खाऱ्या तळ्याकाठच्या आरोग्यधामात मालिश करायचा. सांधे धरलेल्या म्हाताऱ्यांच्या तक्रारींची अशी नक्कल करायचा, की तिला चहाचा ठसका लागे. पावलांवरून माणसं ओळखायचा. तिला म्हणाला होता, “तुम्ही गुरुवारी भरभर चालता.” बाकीच्या वारी कशी चालते हे त्याला काय माहीत, असं तिनं विचारलं तेव्हा तो चक्क लाजला. मंगळवारी ट्रॅमच्या थांब्यावर तिची पावलं ऐकून तो गप्प उभा राहिला होता. हाक मारायचा धीर झाला नव्हता.

तेहतीस वर्षांच्या इलिंकाला कुणी असं पावलांवरून ओळखलं नव्हतं. आई इटलीत तुरिनला म्हाताऱ्यांची सेवा करायला गेलेली, घरात ती एकटी. रात्री उशीवर डोकं टेकलं की तिला दिसायची ती गाडी, आपणच रुळांवर आणून उभी केलेली. एका खोट्या शब्दावर आपण किती दिवस बसणार आहोत?

पाचव्या गुरुवारी ते ओझं दुसऱ्याच कुणीतरी उतरवलं.

बाजूच्या दाराला कुलूप होतं. गर्दीतून बाहेर पडावं लागलं, आणि दालनात ओर्तांसा मावशी मैत्रिणींना बाजूला घेऊन तावातावानं बोलत होत्या.

“पुस्तकात बाई चांगली गाडीत बसून जाते. आणि ह्यांनी काय केलं? बर्फावर नेऊन बुडवली. का, तर म्हणे खरं वाटतं. जगली असती तर खोटं वाटलं असतं का?”

“मला रडूच आवरेना,” दुसरी म्हणाली.

इलिंकाच्या दंडावरचा सेवेरचा हात निघाला. अगदी हळू... टेबलावर एखादी वस्तू ठेवावी तसा.

“त्या काय म्हणाल्या?”

“सेवेर, मी सांगणार होते...”

“गाडी नाहीच?”

“नाही.”

“लाल आसनं? भोपळा?”

आजूबाजूची माणसं कोटाची बटणं लावत वाट काढत होती.

“तो डॉक्टरही बायकोच्या भल्यासाठीच करतोय म्हणायचा,” सेवेर म्हणाला. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “तिच्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की तिला डोळे होते.”

काठीनं वाट चाचपत तो गेला. दारात चुकून चौकटीला आपटला. इलिंका पुढे झाली, तर त्याच्या पाठीनंच तिला थांबवलं.

दोन आठवडे ती गुरुवारच्या अर्ध्या सुटीतही कचेरीतच बसून राहिली. खिडकीबाहेर बर्फाचे तुकडे एकमेकांना घासत खाली वाहत होते. ती आकडे लिहायची, फोनवर सांगायची, आणि ते ऐकणारा एक माणूस आता रेडिओ बंद करत असेल, असं मनाशी म्हणायची. तिसऱ्या आठवड्यात तिनं आरोग्यधामात फोन करून उजव्या खांद्याच्या मालिशसाठी वेळ घेतली.

खोलीत वाफ होती, चिखलाचा तो खारट वास होता. ती पालथी पडून राहिली. एक शब्द बोलली नाही. दार वाजलं, हात धुतल्याचा आवाज आला, मग ऊबदार बोटं खांद्यावर टेकली आणि थबकली.

“दगड झालाय,” तो म्हणाला. “किती दिवस दुखतोय?”

तिनं उशीची कड मुठीत धरली.

“बोला की. बंदरावरच्या बायका एवढ्या गप्प नसतात.”

“...कसं ओळखलंत?”

“नावांची यादी सकाळी वाचून दाखवतात मला, इलिंका.”

ती उशीत तोंड खुपसून हसली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“मग पाठवून द्यायचं होतं दुसऱ्याकडे.”

“खांदा खरंच दुखत असला तर?”

“खरंच दुखतोय. आता तुमच्याशी एक शब्दही खोटा बोलणार नाही मी.”

तो बराच वेळ नुसता मालिश करत राहिला. मग बोलू लागला, अडखळत, वाफेशी बोलावं तसा. “दोइना गेली तेव्हा सगळे खोटं बोलले माझ्याशी. तिचा भाऊ म्हणाला, पाय घसरला. पोलीस म्हणाला, काही कळलंही नसेल तिला. शेजारीण म्हणाली, सकाळी किती खुशीत दिसत होती. माणसाला दिसत नाही म्हटलं, की त्याला काहीही दाखवता येतं असं वाटतं लोकांना. तुम्ही एकट्या अशा होतात, की ज्यांचं मी... जाऊ द्या.”

“काय?”

“ज्यांचं मी डोळे मिटून ऐकत होतो,” तो म्हणाला, आणि स्वतःच खिन्न हसला. “खरं सांगू? मला कळलं नव्हतं असं नाही. गाडीत बसलेल्या बाईसाठी कुणी असं मुसमुसत नाही. पहिल्याच दिवशी ऐकू आलं होतं मला. पण तुम्ही सांगत होतात, छान सांगत होतात, आणि मला ते हवं होतं. त्या दिवशी तुमच्यावर ओरडलो, त्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच होता.”

“तुम्ही ओरडला नव्हता.”

“आतून फार ओरडलो.”

इलिंका उठून बसली. चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली – त्याला दिसत नव्हतं, तरीही.

“रविवारी शेवटचा खेळ आहे,” तो म्हणाला. “शेवट सांगाल मला? आहे तसा?”

रविवारी थिएटर भरलं होतं. कॉलेजची मुलं मागे बसून नवऱ्याला शिव्या घालत होती. पायरी निघाली तेव्हा एक मुलगी किंचाळली आणि सगळे हसले. हळूहळू हसू विरलं. व्हायोलिन सुरू झालं. सेवेरनं अंधारात हात पुढे केला, आणि इलिंकानं तो दोन्ही हातांत धरला.

“काठावर उभी आहे,” ती त्याच्या कानाशी म्हणाली. “गाडी नाही. नदी आहे. तिनं कोट काढला... घडी घालून ठेवला. बर्फावर आली. आता चालतेय.”

“भरभर?”

“नाही. सावकाश. पुढे बर्फ काळपट आहे, म्हणजे पातळ. माणूस पेलणार नाही तो. तिलाही ते दिसतंय.”

“मागे बघते?”

“एकदा. घराकडे नाही... नुसतंच मागे.”

“चेहरा?”

इलिंकानं डोळे पुसले आणि नीट पाहिलं. पाच वेळा हा चेहरा समोर असताना ती गाडी रचत बसली होती.

“घाबरलेला नाही. शांतही नाही, सेवेर. दमलेला आहे. खूप दमलेला.”

त्यानं श्वास सोडला. तीन वर्षं धरून ठेवलेला असावा, इतका लांब.

“हं,” तो म्हणाला. “तशीच असणार ती. दमली होती. मला म्हणालीही होती... मी म्हटलं, झोप जरा, बरं वाटेल.”

दिवे लागले. मुलं जड पावलांनी निघून गेली, झाडूवाली बाई आली, त्यांना बसलेलं पाहून दुसऱ्या बाजूनं झाडू लागली. तो रडत होता, आवाज न करता. इलिंकानं “सगळं ठीक होईल” वगैरे काही म्हटलं नाही. हात तेवढा सोडला नाही.

चारच्या सुमाराला दोघं बाहेर आले. करड्या उजेडात रस्ता ओला होता. तो म्हणाला, नदीवर जाऊ. तीन वर्षांत तो तिथं गेला नव्हता. धक्क्यावर दोघं कठड्याला टेकून उभे राहिले. खालून पाण्याचा जड आवाज येत होता. त्यानं नदीकडे तोंड करून एकदाच “दोइना” म्हटलं. गार वारा सुटला तसा तो वळला.

ट्रॅमच्या थांब्यावर तो म्हणाला, “उद्या काय करतेस?”

इलिंकाच्या कानांना तो शब्द आधी ऊबदार लागला, मग त्याचा अर्थ कळला. आजवर त्यानं तिला कधी ‘अगं-तुगं’ केलं नव्हतं.

“कामावर आहे. पाचला सुटते.”

“मग घरी ये. माशाचं सार करतो. फार चांगलं होत नाही, आत्ताच सांगून ठेवतो.”

“वाईट झालं तर वाईट म्हणेन हं मी.”

“म्हण. म्हणूनच बोलावतोय.” त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली. “अजून कधी कधी दिवसच्या दिवस बोलत नाही मी, इलिंका. घर अंधारं असतं. मला दिव्याची गरज नाही, म्हणून लावायचं सुचत नाही.”

“मी लावेन.” तिनं हातमोजा काढला आणि आपला गार हात त्याच्या गालावर ठेवला. “तू मला आवडतोस, सेवेर. त्या पहिल्या दिवसापासून. त्यासाठीच खोटं बोलले असेन... आणि ते परत होणार नाही.”

त्यानं तो हात गालावरच दाबून धरला. ट्रॅम आली, खडखडत थांबली, दार उघडलं. चालकानं वाट पाहिली.

“चढताय का?” त्यानं विचारलं.

“पुढच्या ट्रॅमनं,” सेवेर म्हणाला.

रविवार होता. पुढची ट्रॅम चाळीस मिनिटांनी यायची होती.