बुराकच्या डोक्यावरची काच

"तुझ्या कासवाला मैत्रीण आहे का?"

प्रश्न तोंडातून सुटला मात्र, लारिसाला वाटलं, शाळेच्या कँटीनची फरशी आत्ताच्या आत्ता दुभंगावी आणि आपण त्यात गडप व्हावं. पैज या प्रश्नाची नव्हतीच! "तुला मैत्रीण आहे का?" एवढंच विचारायचं होतं. मागच्या टेबलावर तिच्या मैत्रिणी जसलीन आणि ब्रुक कान टवकारून बसल्या होत्या. पण ऐन वेळी जीभ घसरली आणि मध्येच कासव घुसलं.

एलियास बाउटिस्टानं चमचा खाली ठेवला. कोल्ड्रिंकच्या थर्मोकोलच्या खोक्यात गरम पाण्याच्या पिशव्या ठेवून, उणे तीसच्या थंडीत बायोलॉजीच्या तासाला जिवंत कासव आणणारा हाच तो मुलगा.

"नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "कासवांना एकटंच आवडतं. सोबत आणली की ढुशा मारतात."

"आणि तू?"

"मी ढुशा मारत नाही."

मागून खुसखुस ऐकू आली. आता हसायचं, केस मागे टाकायचे आणि ऐटीत परत जायचं... असं ठरलं होतं. पण त्याचे डोळे इतके शांत होते, की लारिसाच्या तोंडून भलतंच निघालं.

"माझं कासव मरतंय, एलियास."

बुराक खरं तर गिदोचा, म्हणजे तिच्या आजोबांचा. चाळीस वर्षं सांभाळलेला. ताटलीएवढा, तपकिरी, मातीत तोंड खुपसून बसणारा, म्हणून बुराक, म्हणजे गिदोच्या भाषेत बीट. ऑक्टोबरात गिदो वृद्धाश्रमात गेले. तिथे प्राणी चालत नाहीत. तेव्हा लारिसानंच छाती ठोकून सांगितलं होतं, "मी सांभाळते!" आणि आता तीन आठवडे झाले, बुराकनं पानाला तोंड लावलं नव्हतं. मागचे पाय फरफटायचे. पाठीची कड अंगठ्यानं दाबली की किंचित... दबायची. डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं. उन्हाचा दिवा नवा आहे का, विचारलं. नवाच होता, चांगला महागाचा.

आईनं दूर समुद्रकाठच्या व्हिक्टोरिया शहरातल्या एका बाईंशी बोलून ठेवलं होतं. तिथे थंडी कमी, बाईंकडे बारा कासवं. "पुढच्या रविवारी दुपारी बारापर्यंत त्यानं खाल्लं नाही, तर सोमवारच्या विमानानं जाईल. हट्ट नको, लारा."

अकरा दिवस. फक्त अकरा.

दुसऱ्या दिवशी एलियास घरी आला तेव्हा त्याच्या पापण्यांवर बर्फाचे कण होते. बूट काढता काढता ते विरघळले, आणि लारिसा उगाचच टोपी लटकवायला खुंटी शोधत राहिली.

दिवाणखान्यात बुराकचं मोठं लाकडी खोकं होतं. एलियास त्याभोवती एकदा फिरला. दुसऱ्यांदा फिरला. मग वरच्या काचेवर त्यानं बोट टेकवलं.

"ही कशाला?"

"ऊब राहावी म्हणून!" ती अभिमानानं म्हणाली. "मीच बसवली. घरातल्या सगळ्या खिडक्यांना दुहेरी काच, मग बुराकलाच का नको?"

एलियासनं काचेच्या वर टांगलेल्या दिव्याकडे पाहिलं.

"सांग ना."

"दिवा काचेच्या वर टांगलाय," तो हळूच म्हणाला. "उजेड खाली जातो. पण उन्हातला जो भाग डोळ्यांना दिसत नाही, ज्यानं कासवाची पाठ घट्ट होते... तो काचेत अडकतो."

"पण मी त्याला रोज खिडकीशी, उन्हात..."

"तीही काचच."

म्हणजे ती रोज जे प्रेमानं करत होती, त्यानंच... लारिसानं डोळे पुसले. खोक्यातून बुराक तिच्याकडे बघत होता. कसलीही तक्रार नसलेल्या, म्हाताऱ्या डोळ्यांनी.

"रडायला नंतर वेळ काढ," एलियास म्हणाला. "आधी काच काढ, लारिसा."

काच निघाली. पण तिच्याबरोबर ऊबही गेली. थर्मामीटर भराभर उतरू लागला... तीस, सत्तावीस, चोवीस. एलियासनं पिशवीतून चिनी मातीचा पांढरा बल्ब काढला. "हा उजेड देत नाही. नुसता तापतो."

"तुझ्यासारखा?"

"मी तापतो?"

"नाही. उजेड देत नाहीस. किती कमी बोलतोस!"

तो पहिल्यांदा हसला. एका गालाला खळी पडली... एकाच. दुसरा गाल बहुधा विसरला असावा.

साखळीला बल्ब टांगून दोघं गुडघ्याला गुडघा लावून जमिनीवर बसली. आकडा वर चढायला लागला. एकोणतीस. एकतीस. चौतीसला एलियासनं श्वास सोडला, तेव्हा लारिसाला कळलं, तोही श्वास रोखून बसला होता.

"दहा दिवस पुरतील?"

"माहीत नाही."

उगाच धीर दिला नाही त्यानं. आणि नेमकं तेच तिला फार, फार आवडलं.

मग तो रोज यायला लागला. जसलीन विचारायची, "कासव बघायला जातो की कासववालीला?" लारिसा तिला वही फेकून मारायची. पण रोज चार वाजले की काळीज दारापाशी जाऊन बसायचं. बुराक मात्र... नाही. दिव्याखाली येऊन बसायचा, डोळे उघडायचा, पान ठेवलं की मान आत.

पहिल्या रविवारी वृद्धाश्रमात गिदोनं नेहमीसारखं विचारलं, "बुराक जेवतो ना गं?" आजवर ती हो म्हणत आली होती. त्या दिवशी तिनं सगळं सांगून टाकलं. गिदोनं तिचा हात धरला. मग म्हणाले, "काच काढलीस ना? मग आता वाट बघ, पोरी."

दुसरा रविवार उजाडला. अकराला दहा कमी. आई ओव्हनमध्ये कोबीचे रोल भाजत होती, बाहेर बाबांनी गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून त्याच्या हीटरची वायर प्लगमध्ये खुपसली होती. एलियास बुराकसमोर पालथा पडला होता आणि...

खट्.

दिवाणखाना अंधारला. दोन्ही दिवे गेले.

"बाबा! बटण वर करा!"

बाबांनी तळघरात जाऊन बटण वर केलं. दोन मिनिटांत पुन्हा खट्. जुन्या घराची जुनी वायर, इतका भार तिला झेपेना.

"ओव्हन बंद कर, आई!"

"रोल अर्धे कच्चे आहेत, लारा! आणि एका तासानं काय फरक पडणार आहे?"

तेहतीस. एकतीस. एकोणतीस. बुराकनं मान आत ओढली.

"तुझ्या खोलीतला दिवा चालू आहे," एलियास एकदम म्हणाला.

होताच! ती खोली मागाहून बांधलेली, तिची वायर वेगळी. दोघांनी दिव्यांसकट खोकं उचललं. कोपरांनी दार ढकललं, लारिसानं पायानं पलंग सरकवला, पुस्तकं धडाधड कोसळली. दिवे पेटले. वाट बघणं पुन्हा सुरू झालं... सव्वीस... अठ्ठावीस... घड्याळात साडेअकरा. पावणेबारा.

एलियासनं जाकिटाच्या आतल्या खिशातून ओल्या कागदाची पुडी काढली. डँडेलियनची कोवळी पानं. "आमच्या खिडकीत लावलीयत. बुधवारपासून."

"बुधवार?"

"तू तो विचित्र प्रश्न विचारलास ना... त्या दिवसापासून."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मात्र घाईघाईनं बुराककडे. त्याचे कान लालभडक झाले होते.

बाराला चार मिनिटं. दारात आई उभी, हातात फोन. मागे बाबा.

बुराकची मान बाहेर आली. थांबली. नाक पानाजवळ गेलं... परत मागे सरलं. लारिसानं नकळत एलियासची बोटं घट्ट पकडली. त्यानं सोडवून घेतली नाहीत.

कर्र.

एवढासा आवाज! पानाच्या कडेला अर्धचंद्र उमटला. मग पुन्हा... कर्र, कर्र, कर्र. चाळीस वर्षांचा म्हातारा, हिरवी लाळ गाळत, अधाशासारखा खात सुटला. आईनं फोन खिशात टाकला आणि एप्रनच्या टोकानं डोळे टिपले.

लारिसा उठून उभी राहिली. गाल ओले, केस विस्कटलेले, एलियासची बोटं अजून हातात. इतक्या दिवसांत तिला इतकं धीट कधीच वाटलं नव्हतं.

"आई, बाबा, ऐका. बुराक कुठेही जाणार नाही. ही खोली आजपासून त्याची. मी तळघरात झोपणार, वॉशिंग मशीनशेजारी, आणि कुरकुर करणार नाही. आणि शुक्रवारी शाळेच्या डान्सला मी एलियासबरोबर जाणार आहे." तिनं एक मोठा श्वास घेतला. "त्याला मी अजून विचारलेलं नाही... पण माझं ठरलंय."